मार्ग कोणासाठी कठीण? ट्रायथलॉन निकालांवरून केलेल्या तुलनेच्या प्रकल्प नोंदी

९ जून २०२५, सातारा

दोन वर्षांपूर्वी माझ्या हातून झालेली एक चूक दुरुस्त करण्यासाठी ही वही उघडली आहे. आमच्या सायकल गटातील सर्वांत ज्येष्ठ सदस्य, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, गोव्याची अर्ध्या अंतराची ट्रायथलॉन शर्यत (१.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे; पूर्ण अंतर याच्या दुप्पट) साडेआठ तासांच्या मर्यादेत पूर्ण करून परतले होते. त्यांनी मला विचारले, "सर, तुम्ही कॉलेजात संख्याशास्त्र शिकवता, तर पूर्ण अंतरासाठी त्यातल्या त्यात सोपी शर्यत कुठली, तेवढे पाहून सांगा." मी एका संध्याकाळी दहा-बारा शर्यतींच्या निकालांतून सरासरी वेळा काढल्या आणि युरोपातील एका डोंगराळ मार्गाचे नाव दिले, कारण तिथली सरासरी वेळ सपाट मार्गांच्या तोडीची दिसत होती. अण्णा वर्षभर सराव करून तिथे गेले आणि सायकलचा टप्पा ठरलेल्या वेळेत न संपल्यामुळे त्यांना तिथेच थांबवण्यात आले.

चूक कुठे झाली हे आता स्पष्ट दिसते. डोंगराळ मार्गाच्या वाटेला मंद गतीचे स्पर्धक सहसा जातच नाहीत. जे जातात ते तयारीचे असतात आणि त्यांची सरासरी वेळ चांगली येते. म्हणजे मी मार्गाची परीक्षा घेतली असे समजत होतो, पण प्रत्यक्षात तिथे कोण येते एवढेच मोजले होते. जागतिक अजिंक्यपदासाठी हवाईतील कोना येथे येणारे स्पर्धक तर पात्रता मिळवूनच येतात, त्यामुळे तिथल्या सरासरी वेळेवरून मार्गाविषयी काही म्हणणे त्याहूनही धोक्याचे आहे.

या वेळी एकच नियम ठरवला आहे. दोन मार्गांची तुलना करायची ती दोन्ही मार्गांवर उतरलेल्या त्याच माणसांच्या वेळांवरून.

१२ जून

चार दिवस केवळ नावे जुळवण्यात गेले. निकालांच्या तक्त्यांत स्पर्धकाला कायमचा क्रमांक नसतो. नाव, देश, स्त्री-पुरुष आणि वयोगट एवढ्यावरूनच तो ओळखावा लागतो. वयोगट पाच-पाच वर्षांचे असल्यामुळे चाळिशी गाठलेला माणूस एका वर्षात एका गटातून दुसऱ्या गटात जातो आणि यंत्राच्या दृष्टीने तो नवाच माणूस ठरतो. युरोपीय नावांवरची चिन्हे एका तक्त्यात असतात आणि दुसऱ्यात गळालेली असतात. आपल्याकडच्या नावांची अडचण निराळी आहे. कुठे आडनाव आधी येते, कुठे वडिलांचे नाव मध्ये येते, कुठे तेच नाव वगळलेले असते. पाटील आणि जाधव या आडनावांत तर एकाच वयोगटात, एकाच पहिल्या नावाची दोन माणसे सहज सापडतात.

अशा दोघांना चुकून एक समजले, तर अकरा तासांचा एक आणि पंधरा तासांचा दुसरा मिळून एकच माणूस तयार होतो आणि त्याच्या 'दोन' वेळांतील चार तासांचा फरक बिचाऱ्या मार्गाच्या माथी बसतो. उलट, एकाच माणसाला दोन समजले तर एक जोडी वाया जाते, पण निष्कर्ष बिघडत नाही. म्हणून शंका आली की जोडी सोडून द्यायची, असे ठरवले. माहिती कमी झाली तरी चालेल, खोटी माहिती नको.

काही शर्यती पूर्णच वगळल्या. २०१८ साली हॅम्बुर्गमध्ये पाण्यात नील-हरित शेवाळ वाढल्याने पोहणे रद्द करून त्याजागी धावणे ठेवले होते. २०१२ साली न्यूझीलंडमधील तौपोची शर्यत वादळामुळे एक दिवस पुढे ढकलून अर्ध्या अंतराची केली होती. निकालाच्या तक्त्यात हे कुठेही लिहिलेले नसते, केवळ वेळा विचित्र दिसतात.

१८ जून

मोठ्या तक्त्याकडे वळण्याआधी पद्धत हाताने करून पाहावी म्हणून नामवंत स्पर्धकांच्या चार जोड्या घेतल्या. जर्मनीतील रोट हा वेगवान समजला जाणारा मार्ग, आणि कोना हा उष्णतेसाठी व वाऱ्यासाठी ख्यात असलेला. चौघांनीही हे दोन्ही मार्ग एकाच वर्षात, जुलैत रोट आणि ऑक्टोबरात कोना, असे पूर्ण केले आहेत.

ख्रिसी वेलिंग्टनने २०११ साली रोटमध्ये ८ तास १८ मिनिटे १३ सेकंद घेतले आणि कोनात ८ तास ५५ मिनिटे ८ सेकंद. यान फ्रोडेनोच्या २०१६ मधील वेळा ७:३५:३९ आणि ८:०६:३० अशा आहेत. त्याच वर्षी डॅनिएला रिफने ८:२२:०४ आणि ८:४६:४६ अशा वेळा दिल्या. माग्नुस डिटलेवने २०२४ मध्ये रोटला ७:२३:२४ अशी विक्रमी वेळ नोंदवली आणि कोनात तो ७:४३:३९ वेळेत दुसरा आला.

मिनिटांतील फरक सरळ वजा करून सरासरी काढणे योग्य नाही, कारण वीस मिनिटे ही साडेसात तासांच्या माणसाला जेवढी जड, तेवढी पंधरा तासांच्या माणसाला नसतात. म्हणून प्रत्येक वेळेचा लघुगणक घेऊन फरक काढला, म्हणजे फरक गुणोत्तराच्या भाषेत येतो. कोनाला लागलेला जादा वेळ अनुक्रमे ७.४, ६.८, ४.९ आणि ४.६ टक्के निघाला. चौघांची मिळून सरासरी सुमारे ५.९ टक्के येते. रोटला दहा तास घेणाऱ्या माणसाला कोनात साधारण ३५ मिनिटे जादा लागतील, असा त्याचा अर्थ.

पण यातला सर्वांत मोठा आकडा वेलिंग्टनचा आहे आणि त्या वर्षी कोनाच्या दोनच आठवडे आधी ती सायकलवरून पडून जखमी झाली होती. तिच्या ७.४ टक्क्यांतला कोनाचा वाटा किती आणि जखमांचा किती, हे तिच्या एकटीच्या जोडीवरून कधीच कळणार नाही. तिला वगळले तर सरासरी ५.४ टक्क्यांवर येते. चार माणसांच्या हिशेबात एक माणूस एवढा फरक पाडतो, म्हणूनच शेकडो जोड्या हव्यात. तेवढ्या असल्या म्हणजे कोणी पडलेला, कोणी तापातून उठलेला, कोणी आयुष्यातला सर्वोत्तम दिवस लाभलेला, असे सगळे एकमेकांना सांभाळून घेतात.

२८ जून

ज्ञानेश्वर महाराजांची पालखी जिल्ह्यात असल्याने लोणंद-फलटणच्या बाजूची सायकल फेरी बंद ठेवली. तो सगळा वेळ कामाला दिला.

समीकरणाचा साधा आराखडा असा मांडला. एका वेळेचा लघुगणक म्हणजे त्या माणसाचा स्वतःचा हिस्सा, अधिक मार्गाचा हिस्सा, अधिक उरलेली चूक. किमान वर्ग पद्धतीने (उरलेल्या चुकांच्या वर्गांची बेरीज सर्वांत लहान येईल अशा रीतीने) सर्व माणसांचे आणि सर्व मार्गांचे हिस्से एकाच वेळी काढायचे, आणि एका मार्गाला शून्य मानून बाकीचे त्याच्या तुलनेत वाचायचे. अ आणि क या मार्गांवर एकही सामाईक माणूस नसला, तरी अ-ब आणि ब-क असे दुवे असतील तर तुलना होऊ शकते. साताऱ्याहून जिथे थेट एसटी नाही, तिथेही कराडला गाडी बदलून जाता येते, तसेच हे आहे. मात्र प्रत्येक बदलीगणिक अनिश्चितता वाढत जाते आणि ती आकड्याशेजारी लिहिलीच पाहिजे.

आराखडा चालला, पण उरलेल्या चुका वर्षवार मांडल्या तेव्हा एकाच मार्गाच्या चुका वर्षावर्षाला सगळ्या मिळून वर किंवा सगळ्या मिळून खाली जाताना दिसल्या. याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण पुन्हा रिफचेच आहे. कोनात ती सलग चार वर्षे जिंकली आणि तिच्या वेळा २०१५ मध्ये ८:५७:५७, २०१६ मध्ये ८:४६:४६, २०१७ मध्ये ८:५०:४७ आणि २०१८ मध्ये ८:२६:१८ अशा होत्या. तीच बाई, तोच मार्ग, आणि २०१५ ते २०१८ मधला फरक ३१ मिनिटे ३९ सेकंदांचा आहे. २०१६ साली रोट आणि कोना या दोन वेगळ्या मार्गांवर तिला पडलेला फरक होता २४ मिनिटे ४२ सेकंद. २०१८ च्या शर्यतीआधी तर तिला पाण्यात जेलीफिश डसला होता, तरीही तिने विक्रम केला, कारण त्या दिवशी कोनात नेहमीचा वारा जवळजवळ नव्हता. पुरुषांत पॅट्रिक लांगे त्याच दिवशी कोनात आठ तासांच्या आत आलेला पहिला माणूस ठरला.

तेव्हा 'कोना' असा एकच हिस्सा धरणे चुकीचे आहे. मार्गाचा कायमचा हिस्सा वेगळा आणि त्या वर्षीच्या दिवसाचा हिस्सा वेगळा ठेवावा लागेल. जिथे एकाच वर्षाचे निकाल आहेत, त्या शर्यतींत हे दोन वेगळे करणे अशक्य आहे. तिथे मी मार्गाचा आकडा देणारच नाही.

५ जुलै

आज या प्रकल्पातील सर्वांत फसवी गोष्ट हाती लागली आणि ती इथे सविस्तर लिहून ठेवतो.

कोनाला जायचे तर आधी दुसऱ्या एखाद्या शर्यतीत चांगली कामगिरी करून पात्र ठरावे लागते. आता प्रत्येक माणसाच्या वेळेत नशिबाचा थोडा वाटा असतोच. झोप चांगली झाली, पोट बिघडले नाही, टायर पंक्चर झाला नाही, असे दिवस थोडे असतात. ज्या दिवशी माणूस पात्र ठरतो तो दिवस बहुधा अशांपैकीच असतो, कारण वाईट दिवस असता तर तो पात्रच ठरला नसता. मग तो कोनात जातो आणि तिथे त्याला सर्वसाधारण दिवस लाभतो. त्याच्या दोन वेळांची वजाबाकी केली की कोना आहे त्यापेक्षा अवघड दिसते आणि पात्रतेची शर्यत आहे त्यापेक्षा सोपी. माणसे तीच घेतली म्हणून मी निर्धास्त होतो, पण त्या माणसांची कुठली शर्यत घेतली जाते तिथेच निवड झालेली होती.

खात्री करण्यासाठी संगणकावर एक कृत्रिम जग तयार केले. त्यात हजारो काल्पनिक स्पर्धक घेतले, प्रत्येकाला ठरावीक कुवत दिली, दोन्ही मार्ग मुद्दाम अगदी सारखे ठेवले आणि प्रत्येक वेळेत थोडे नशीब मिसळले. पहिल्या शर्यतीत वर आलेल्यांनाच दुसऱ्या शर्यतीत पाठवले. मार्ग सारखे असूनही दुसरा मार्ग अवघड निघाला, आणि नशिबाचा वाटा वाढवला तसा तो आणखी अवघड होत गेला. हा दोष जोड्यांची संख्या वाढवून जात नाही. लाख जोड्या घेतल्या तरी तेवढीच चूक, फक्त अधिक ठामपणे, समोर येते.

उपाय म्हणून पात्रतेची शर्यत त्या माणसाच्या हिशेबातून काढून टाकली आणि त्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या इतर शर्यतींशीच कोनाची जोडी लावली. कृत्रिम जगात असे केल्यावर दोन्ही मार्ग पुन्हा सारखे दिसू लागले. खऱ्या तक्त्यात कोणती शर्यत पात्रतेची होती हे नेहमी ठरवता येत नाही. जिथे येत नाही तिथे त्या हंगामातील त्याची सर्वांत चांगली शर्यत वगळतो आहे. यात थोडे नुकसान उलट बाजूने होते, याची जाणीव आहे, पण हे नुकसान त्या नुकसानीपेक्षा लहान आहे.

१३ जुलै, रविवार

पहाटे गट यवतेश्वर घाटात होता. बोगद्यापासून चढ सुरू होतो तिथे एक जण उभा केला होता आणि वरच्या वळणावर मी, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही घेऊन. भुरभुर पाऊस आणि धुके इतके होते की सायकलस्वार दिसण्याआधी त्याचा श्वास ऐकू येई. पुढची दोन पोरे गेली, मग बराच वेळ केवळ पागोळ्यांचा आवाज, आणि सर्वांत शेवटी अण्णा आले. त्यांचे पेडल इतके हळू फिरत होते की प्रत्येक फेरी मोजता आली असती. पण त्यांनी पाय टेकला नाही.

हीच माणसे गेल्या रविवारी रहिमतपूर रस्त्यावर होती. तिथेही अण्णा शेवटीच होते, पण पुढच्या पोरांपासून फार लांब नव्हते. सपाट रस्त्यावर जी माणसे दृष्टीच्या टप्प्यात राहतात, ती घाटात एकमेकांना दिसेनाशी होतात. ही गोष्ट घाट चढणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे, पण माझ्या समीकरणाला ती ठाऊक नव्हती. माझे समीकरण म्हणत होते की अवघड मार्ग सर्वांचा वेळ एकाच टक्केवारीने वाढवतो.

कारण भौतिकशास्त्रात आहे. सपाट रस्त्यावर बहुतेक ताकद हवेला बाजूला सारण्यात जाते आणि त्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे एखाद्याची शक्ती २० टक्क्यांनी कमी असली तरी वेळ साधारण ८ टक्केच जास्त लागतो. तीव्र चढावर मात्र झगडा गुरुत्वाकर्षणाशी असतो आणि तिथे वेग थेट शक्तीच्या प्रमाणात असतो. वजन सारखे धरल्यास २० टक्के कमी शक्तीच्या माणसाला वेळ २५ टक्के जास्त लागतो.

घरी आल्यावर अण्णांसाठी हिशेब केला. फ्रान्समधील नीस येथे २०२३ साली पुरुषांचे जागतिक अजिंक्यपद झाले, त्या सायकल मार्गावर सुमारे २,४०० मीटर चढाई आहे. सातारा शहरापासून कासच्या पठारापर्यंत साधारण पाच वेळा चढण्याइतकी ती होते. अण्णा आणि सायकल मिळून ८५ किलो धरले, तर नुसते वजन तेवढे उचलायला सुमारे २० लाख ज्यूल लागतात. तासन्‌तास २०० वॉट देऊ शकणाऱ्याला त्यासाठी पावणेतीन तासांच्या वर वेळ द्यावा लागतो आणि १३० वॉट देणाऱ्याला सव्वाचार तास. उतारावर यातले काही परत मिळते, पण वळणांवर ब्रेक दाबण्यात आणि हवेत बरेचसे वाया जाते, आणि अण्णा उतारावर जपून चालवतात.

म्हणून समीकरणात प्रत्येक मार्गाला आता दोन आकडे दिले आहेत. एक आकडा सर्वांना मागे ढकलण्याचा, आणि दुसरा पुढच्या-मागच्यांमधले अंतर ताणण्याचा. ज्या मार्गाचा ताण १ आहे तो सर्वांना सारख्या प्रमाणात मागे टाकतो, ज्याचा १ हून जास्त आहे तो मंद माणसाला अधिक शिक्षा करतो. दोन मार्गांची क्रमवारी वेगवान माणसासाठी एक आणि अण्णांसाठी उलटी, असेही आता होऊ शकते, आणि ते चूक नसून खरे आहे.

१९ जुलै

अपूर्ण राहिलेल्यांचा प्रश्न. पूर्ण अंतराला साधारणपणे १७ तासांची मर्यादा असते. जो माणूस सपाट मार्गावर सोळा तासांत येतो आणि डोंगराळ मार्गावर थांबवला जातो, त्याची दुसरी वेळ तक्त्यात नसतेच, आणि जोडी गळून पडते. सर्वांत जास्त बोलणारी जोडी हीच, आणि नेमकी तीच गप्प राहते. परिणामी कठीण मार्ग सोपा दिसतो. दोन वर्षांपूर्वी मी काढलेल्या सरासरीत अण्णांसारखी माणसे नव्हतीच, कारण ती शेवटच्या रेषेपर्यंत पोहोचलेली नव्हती.

मर्यादेमुळे थांबवलेल्यांची वेळ 'मर्यादेपेक्षा जास्त' अशी धरून हिशेब पुन्हा केला. पण चेन तुटलेला, उलट्या झालेला आणि मर्यादा चुकलेला, या तिघांच्याही पुढे तक्त्यात 'डीएनएफ' ('डिड नॉट फिनिश', म्हणजे शर्यत अपूर्ण) हे एकच अक्षर-त्रय असते. ज्यांचे सायकलपर्यंतचे टप्पे नोंदलेले आहेत आणि जे मर्यादेच्या अगदी जवळ होते, त्यांनाच मर्यादेचे बळी मानले आहे. बाकीच्यांना हात लावला नाही.

२७ जुलै

अर्ध्या आणि पूर्ण अंतराचे जाळे वेगळे ठेवले. गोव्याच्या वेळेवरून पूर्ण अंतराचा अंदाज बांधण्यासाठी दोन्ही अंतरे केलेली माणसे स्वतंत्रपणे वापरली आहेत, कारण मॅरेथॉनच्या उत्तरार्धातला थकवा अर्ध्या अंतरात दिसतच नाही. गोवा उष्ण आणि दमट, पोहणे समुद्रातले. आपल्याकडचे बरेच जण पूर्ण अंतरासाठी कझाकस्तानच्या अस्तानाला जातात, जिथे रस्ते सपाट आहेत, त्यामुळे या दोहोंमधला दुवा बऱ्यापैकी मजबूत आहे.

पोहण्याच्या टप्प्याला मात्र स्वतंत्र आकडा देणे थांबवले. बोया (मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा) पाच-पन्नास मीटर इकडे-तिकडे लागतात, प्रवाह बदलतो, वेटसूटला (तरंगायला मदत करणाऱ्या रबरी पोशाखाला) परवानगी कधी असते, कधी नसते. कोनात ती नसतेच.

३ ऑगस्ट, रविवार

अण्णांना घरी बोलावले. पहिल्यांदा त्यांची क्षमा मागितली. दोन वर्षांपूर्वी मी दिलेला आकडा मार्गाचा नव्हताच, हे त्यांना कागदावर दाखवले. ते म्हणाले, "अहो सर, तुम्ही सांगितलेत म्हणून मी वर्षभर घाट चढलो, ते वाया गेलेले नाही." मला त्याने हायसे वाटले, तरी चूक चूकच राहते.

त्यांच्या हाती क्रमवारी दिली नाही. पाच शर्यती लिहून प्रत्येकीपुढे त्यांच्या स्वतःच्या गोव्याच्या वेळेवरून काढलेला अपेक्षित काळ, त्याची वरची आणि खालची मर्यादा, आणि सायकल संपेपर्यंत शिल्लक राहणारा वेळ, एवढेच लिहिले. दोन डोंगराळ शर्यतींपुढे वरची मर्यादा १७ तासांच्या पलीकडे गेली आहे आणि त्या लाल शाईने लिहिल्या आहेत. त्यांतली एक शर्यत आमच्या पुढच्या पोरांसाठी पाचांत दुसऱ्या क्रमांकाची सोपी निघते.

अण्णांनी कागद दोनदा वाचला आणि सपाट मार्गांपैकी एकावर बोट ठेवून विचारले, "इथे वारा सुटला तर?" त्या शर्यतीचे मोजकेच वर्षांचे निकाल माझ्याकडे आहेत आणि त्यांतले एक वर्ष बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे मंद आहे. मी त्यांना तेच वर्ष दाखवले आणि तसा दिवस आला तर त्यांच्या हाती किती मिनिटे उरतील ते शेजारी पेन्सिलीने लिहून दिले. नोंदणी उघडेपर्यंत प्रत्येक शर्यतीपुढे तिचे सर्वांत वाईट वर्ष धरून हा रकाना भरायचा आहे.